स्मरणशक्ती हा स्नायू आहे का?

7 नोव्हेंबर 1896 च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटेसे टिपण छापून आले. लिहिणारे होते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड या गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन. टिपण पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाविषयी होते. मुलगा हुशार, चलाख, खेळात कोणाला हार न जाणारा. सातव्या वर्षापासून त्याला वाचायला शिकवण्यासाठी शाळेत आणि घरी शिक्षक ठेवून शर्थ केलेली. तरीही एका अवयवाचे साधे शब्दसुद्धा त्याला धड वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहितानाही तो मधल्या अक्षरांची अदलाबदल करी, आणि कोणी दाखवून देईपर्यंत ती चूक त्याच्या ध्यानात येत नसे. मात्र अंक त्याला भराभर वाचता येत, आणि बीजगणितातला (अ+क्ष)(अ−क्ष) हा गुणाकार त्याने डॉक्टरांना बरोबर करून दाखवला. अनेक वर्षे त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचे म्हणणे असे, की सगळे शिक्षण तोंडी असते तर हा पोरगा शाळेत पहिला आला असता.

'सांगितलेले सगळे समजते हो, पण लक्षातच राहत नाही' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने पालकसभेत ऐकलेले असते. त्यामागोमाग बदाम, ब्राह्मी आणि 'स्मरणशक्ती वाढवणाऱ्या' वर्गाची जाहिरातही येते. या सगळ्यांच्या मुळाशी एक समजूत आहे: स्मरणशक्ती हा दंडातल्या स्नायूसारखा एक अवयव आहे, काही मुलांचा तो अशक्त असतो आणि जोर-बैठका काढून तो बळकट करता येतो. गेल्या सव्वाशे वर्षांत ही समजूत अनेकदा तपासली गेली आणि अनेकदा खोटी ठरली. तरी दर पिढीला ती नवे कपडे घालून परत येते. तिचा हा प्रवास आपण पाहू, कारण अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचा पुष्कळ वेळ या समजुतीपायी वाया गेला आहे.

पर्सीच्या दोषाला मॉर्गननी 'जन्मजात शब्दांधत्व' म्हटले. ही कल्पना त्यांना ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवुड यांच्या 1895 च्या लेखावरून सुचली होती. मेंदूला इजा झालेल्या काही प्रौढ रुग्णांना दिसते, बोलता येते, पण वाचता येईनासे होते, हे हिन्शेलवुड यांनी पाहिले होते. त्यावरून त्यांनी तर्क केला की मेंदूच्या डाव्या बाजूला शब्दांची चित्रे साठवणारे एक कोठार असावे, आणि पर्सीसारख्या मुलांत ते जन्मतःच कच्चे असावे. 1917 मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तकच लिहिले. त्यातला सल्ला व्यवहारी होता: अशा मुलाला एकट्याने शिकवा, आणि लांबलचक तासाऐवजी दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ शिकवा. निदान पुढे चुकीचे ठरले, पण सल्ला टिकला. शिक्षणाच्या इतिहासात असे बरेचदा घडलेले दिसते.

थोड्या थोड्या वेळाच्या या सल्ल्याला एका जर्मन संशोधकाने आधीच प्रयोगाचा आधार दिला होता. हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्मृतीवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी सुमारे 2300 निरर्थक अवयव तयार केले आणि त्यांच्या माळा स्वतःच पाठ करून, ठरावीक काळाने पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात हे मोजले. वीस मिनिटांनी 58 टक्के श्रम वाचत, एका तासाने 44, एका दिवसाने 34 आणि एका महिन्याने 21. म्हणजे विसरण्याचा मोठा झपाटा पहिल्या तासाभरातच असतो, पुढे तो मंदावतो. त्यांचा दुसरा निष्कर्ष शिक्षकांसाठी अधिक मोलाचा होता. बारा अवयवांची एक माळ एकाच दिवशी 68 वेळा घोकून दुसऱ्या दिवशी जो फायदा होई, तोच फायदा तीन दिवसांत विभागून केलेल्या 38 आवर्तनांनी होई. शिकणारा तोच आणि माळही तशीच, पण कष्ट जवळजवळ निम्मे. स्मृतीचा 'स्नायू' बळकट झाला नव्हता, फक्त वेळापत्रक बदलले होते.

स्नायूच्या समजुतीवर थेट घाव घातला तो विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. पाठांतराने पाठांतराची शक्ती वाढते का, हे पाहण्यासाठी त्यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या एका कवितेच्या 158 ओळी आठ दिवसांत पाठ केल्या. लागलेला एकूण वेळ सुमारे 132 मिनिटे. मग 38 दिवस त्यांनी रोज मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'चे पाठांतर करून जणू तालीम केली, आणि पुन्हा ह्यूगोच्याच कवितेच्या पुढच्या 158 ओळी घेतल्या. या वेळी 151 मिनिटे लागली! मधल्या काळात इतर कामांनी आपण थकलो होतो, हे जेम्सनी प्रामाणिकपणे नोंदवले आणि आपल्या काही परिचितांकडून हा प्रयोग करून घेतला. काहींचा वेळ थोडा कमी झाला, काहींचा नाही. 1890 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडलेले मत असे: धारणाशक्ती ज्याची त्याला मिळालेली असते, सुधारते ती नव्या गोष्टीला जुन्याशी जोडण्याची रीत.

पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांचा कल वेगळा होता. बुद्धिमापनाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. 1905 च्या त्यांच्या कसोटीत तीन अंक ऐकून पुन्हा म्हणण्याचा एक प्रश्न होता. (अंकमालिका म्हणून दाखवण्याची ही चाचणी त्याआधी 1887 मध्ये लंडनच्या जोसेफ जेकब्स यांनी शाळेतल्या मुलींवर वापरली होती. आजही जवळपास प्रत्येक मानसशास्त्रीय तपासणीत ती असते.) परंतु बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी असते, या मताला बिने यांनी 1909 च्या पुस्तकात कडाडून विरोध केला. मागे पडलेल्या मुलांच्या वर्गांसाठी त्यांनी 'मानसिक व्यायाम' तयार केले होते. एका व्यायामात वस्तू चिकटवलेला पुठ्ठा काही सेकंद दाखवून झाकून टाकत आणि आठवतील त्या वस्तू मुलांना लिहायला सांगत. एकदा वर्ग पाहायला आलेल्या फ्रेंच लोकप्रतिनिधींनी हौसेने यात भाग घेतला आणि ते त्या 'मंद' मुलांपेक्षा मागे पडले. सहकाऱ्यांत हशा पिकला. यात आश्चर्य नाही, मुलांचा सराव झाला होता आणि पाहुण्यांचा नव्हता, असे बिने यांनीच सांगितले. पण या सरावाने ती मुले इतिहासाचा धडाही अधिक लक्षात ठेवू लागली का? तो प्रश्न मोकळाच राहिला. 1911 मध्ये बिने वारले आणि त्यांची कसोटी मुलांना क्रमांक लावण्याच्या कामी जुंपली गेली.

पुढची तीसएक वर्षे वाचनदोषाच्या क्षेत्रात अमेरिका आघाडीवर होती. सॅम्युअल ऑर्टन या मेंदुविकारतज्ज्ञांनी 1925 पासून आयोवातल्या मुलांचा अभ्यास मांडला. त्यांच्या कल्पनांवर अ‍ॅना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी अक्षर-ध्वनी जोडणारी शिस्तबद्ध अध्यापनपद्धती उभारली. ग्रेस फर्नाल्ड यांनी मुलांना शब्द मोठ्या अक्षरांत लिहून देऊन बोटाने गिरवायला, गिरवताना मोठ्याने म्हणायला आणि मग न बघता लिहायला लावले. धूळपाटीवर बोट फिरवत शिकलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना यात नवे काही वाटले नसते. पण 'न बघता लिही' ही शेवटची पायरी महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुन्हा येऊ.

6 एप्रिल 1963 रोजी शिकागोत पालकांची एक परिषद भरली होती. मेंदूतील इजा, शब्दांधत्व, दृष्टिदोष अशी नाना लेबले लागलेल्या मुलांचे हे आईबाप. तिथे सॅम्युअल कर्क यांनी या मुलांसाठी 'अध्ययन अक्षमता' ही संज्ञा वापरली आणि पालकांनी ती उचलून धरली. कर्क यांनीच एक चाचणीसंचही बनवला होता. त्यात ऐकलेला क्रम लक्षात ठेवणे, पाहिलेला क्रम लक्षात ठेवणे अशा क्षमतांचे वेगवेगळे मापन होई. तर्क सरळ होता: जी क्षमता कमी भरेल तिचा व्यायाम द्यायचा. अमेरिकेत हजारो मुलांनी मण्यांचे क्रम लावले, आकृत्या आठवून काढल्या, अंक उलटसुलट म्हटले. 1974 मध्ये हॅमिल आणि लार्सन यांनी अशा प्रशिक्षणाच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा त्याचा उपयोग सिद्ध होत नाही असे दिसले. मणी ओवण्याचा सराव केलेले मूल मणी बरे ओवत होते. वाचन जिथल्या तिथे.

याच सुमारास फ्रँक व्हेल्युटिनो यांनी एक प्रयोग केला. मला तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. हिन्शेलवुडपासून सगळे म्हणत होते की या मुलांना अक्षरांचे चित्र लक्षात राहत नाही. व्हेल्युटिनोंनी वाचनात कच्ची आणि वाचनात चांगली अशी इंग्रजी शिकणारी मुले घेतली आणि त्यांना हिब्रू शब्द दाखवले. हिब्रू दोघांनाही येत नव्हती, म्हणजे दोघांपुढे ती निव्वळ नक्षी होती. शब्द झाकून, आठवेल ते काढायला सांगितले. कच्ची मुले चांगल्या मुलांच्या बरोबरीने उतरली! म्हणजे डोळ्यांची स्मृती ठणठणीत होती. दुसऱ्या एका प्रयोगात कच्ची मुले इंग्रजी 'वॉज' हा शब्द पाहून तंतोतंत उतरवीत, त्याची अक्षरेही क्रमाने सांगत, पण वाचताना मात्र 'सॉ' म्हणत. अडचण चित्र साठवण्यात नव्हती. चित्राला ध्वनी चिकटवण्यात, तो ध्वनी मनात धरून ठेवण्यात होती. या मुलांची 'कमी स्मरणशक्ती' बऱ्याच अंशी भाषेच्या आवाजांशी निगडित होती. म्हणूनच अक्षर-ध्वनींचे नेटके, क्रमवार शिक्षण हाच त्यांच्या वाचनाच्या स्मृतीवरचाही उपाय ठरतो. आपल्या लिपीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते इंग्रजीपेक्षा सरळ आहे हे खरे, पण मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांची गर्दीही आहे. त्यामुळे मराठी शाळेत ही अडचण नसते असे समजण्याचे कारण नाही.

आता आणखी एक प्रयोग. 1966 मध्ये जॉन फ्लॅव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच, सात आणि दहा वर्षांच्या मुलांपुढे चित्रे मांडली आणि त्यांपैकी काहींवर क्रमाने बोट ठेवले. मग मुलाच्या डोक्यावरच्या खेळण्यातल्या अंतराळवीराच्या शिरस्त्राणाची झडप डोळ्यांवर ओढून पंधरा सेकंद थांबायचे. झडपेने डोळे झाकत, ओठ दिसत. ओठांच्या हालचाली वाचण्यात तरबेज असलेला एक निरीक्षक पाहत राही. दहा वर्षांची बहुतेक मुले ओठांतल्या ओठांत चित्रांची नावे घोळवीत होती. पाच वर्षांची फारच थोडी. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात नावे न घोळवणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलांना 'नावे पुटपुटत राहा' एवढेच शिकवले, आणि ती लगेच इतरांच्या बरोबरीने आठवू लागली. मग त्यांना त्यांच्या मर्जीवर सोडले, तर निम्म्याहून अधिक मुलांनी पुटपुटणे सोडून दिले! जमत होते, उपयोग झाला होता, तरी आपण होऊन केले नाही.

1977 मध्ये जोसेफ टॉर्गेसन यांनी हेच वाचनात कच्च्या असलेल्या दुसरीच्या मुलांबाबत पाहिले. ती मुले इतरांपेक्षा कमी उजळणी करत आणि कमी आठवत. उजळणी करा असे सांगितल्यावर दोन गटांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. यावरून टॉर्गेसननी या मुलांना 'निष्क्रिय शिकणारा' म्हटले. मला हा शब्द थोडा अन्यायाचा वाटतो. सतत अपयश घेतलेले मूल प्रयत्नाची रीत शोधत नाही, यात त्याचा आळस किती आणि आपण त्याला रीत कधी दाखवलीच नाही हे किती? मीही अनेक वर्षे वर्गात 'नीट पाठ करा' एवढेच सांगत आलो. नीट म्हणजे कसे, हे एकदाही करून दाखवले नव्हते.

रीत शिकवली तर ती टिकते का? अ‍ॅन ब्राऊन, जोसेफ कँपिओने आणि क्रेग बार्कले यांनी 1979 मध्ये याचे आशादायक उत्तर दिले. त्यांची मुले अध्ययन अक्षमतेची नव्हे, सौम्य बौद्धिक अक्षमतेची होती, म्हणजे अधिकच अडलेली. त्यांना उजळणीबरोबर आणखी एक गोष्ट शिकवली: 'मला हे आता येते का?' हे न बघता स्वतःच तपासायचे, आणि जे अडेल तेवढेच पुन्हा घ्यायचे. त्यांतल्या मोठ्या मुलांनी ही रीत वर्षभरानंतरही वापरली आणि शब्दांच्या याद्या सोडून गोष्टींचे उतारे लक्षात ठेवतानाही वापरली. लहान मुलांच्या बाबतीत मात्र ती टिकली नाही.

जोडणीच्या युक्त्याही तपासल्या गेल्या. इंद्रधनुष्याचे रंग आपण 'तानापिहिनिपाजा' म्हणून लक्षात ठेवतो, तशाच या युक्त्या. 1975 मध्ये रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि मायकेल रॉ यांनी परक्या भाषेचे शब्द शिकवण्यासाठी 'खुणेच्या शब्दा'ची पद्धत मांडली. अनोळखी शब्दासारखा ऐकू येणारा ओळखीचा शब्द घ्यायचा आणि दोन्हींचे मिळून एक चित्र मनात रंगवायचे. 1980 च्या दशकात मार्गो मॅस्ट्रोपिएरी आणि थॉमस स्क्रग्ज यांनी ती अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना खनिजांचे गुणधर्म आणि नवे शब्द शिकवताना वापरली, आणि नेहमीच्या पद्धतीपेक्षा तिचा फायदा स्पष्ट दिसला. अट एकच: चित्र बहुधा शिक्षकाला पुरवावे लागते. स्वतः शोधण्यात या मुलांचा वेळ जातो.

पण युक्ती जिथली तिथेच राहते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. 1980 मध्ये एरिक्सन, चेस आणि फलून यांनी एका कॉलेज विद्यार्थ्याची हकीगत प्रसिद्ध केली. दीड वर्षात सुमारे 230 तास सराव करून त्याची अंकमालिका 7 वरून 79 अंकांवर गेली. तो धावपटू होता आणि अंकांचे गट शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवी. अंकांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा गडी पुन्हा सहावर! विल्यम जेम्सना हे ऐकून समाधान वाटले असते.

तरी स्नायू परत आला, या वेळी संगणकावर बसून. 1974 मध्ये अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी 'कार्यरत स्मृती'ची कल्पना मांडली होती. माहिती क्षणभर धरून ठेवून तिच्यावर काम करण्याची ही मनातली लहानशी पाटी. अध्ययन अक्षमता असलेल्या अनेक मुलांची ही पाटी लहान असते, हे खरे आहे. स्वीडनच्या टॉर्कल क्लिंगबर्ग यांनी 2002 मध्ये संगणकीय सरावाने ती मोठी होते असे सुचवले, आणि असे कार्यक्रम जगभर विकले गेले. 2013 मध्ये मेल्बी-लेरवॉग आणि ह्यूम यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. सरावासारख्या चाचण्यांत तात्पुरती सुधारणा दिसली, वाचन आणि गणितात नाही. 2016 मध्ये मेलबर्नच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. कार्यरत स्मृती कमी असलेली पहिलीतली 452 मुले तिच्यात होती. दोन वर्षांनंतर सराव केलेल्या मुलांना अभ्यासात फायदा दिसला नाही, उलट गणितात ती किंचित मागेच होती. या मुलांना सरावासाठी वर्गातून उठवून नेले जात होते. त्या वेळात वर्गात जे शिकवले गेले ते त्यांचे बुडाले, ही शंका शिक्षकाला तरी लगेच येईल.

पाटी मोठी करता येत नसेल तर तिच्यावर कमी लिहावे, हा इंग्लंडच्या सुझन गॅदरकोल आणि ट्रेसी अ‍ॅलोवे यांचा मार्ग. 2008 मध्ये त्यांनी शिक्षकांसाठी पुस्तिका लिहिली. आपण सहज म्हणतो: 'वह्या काढा, तारीख घाला, पान 34 वरचा तिसरा प्रश्न घ्या, समास सोडून तक्ता काढा आणि झाल्यावर शेजाऱ्याची वही तपासा.' पाटी लहान असलेले मूल समासापाशी पोचते तोवर पुढचे पुसले जाते. ते इकडेतिकडे बघू लागते आणि आपण म्हणतो, लक्ष नाही. सूचना तुकड्यांनी देणे, फळ्यावर लिहून ठेवणे, मुलाकडून म्हणवून घेणे, पाढ्यांचा तक्ता समोर ठेवणे, फळ्यावरून उतरवून घेण्याचे काम कमी करणे, अशा साध्या सूचना त्यात आहेत. 2010 मध्ये या पद्धतीची शाळांत चाचणी झाली. शिक्षकांना नुसते प्रशिक्षण दिल्याने मुलांत फरक पडला नाही. मात्र ज्या शिक्षकांनी या गोष्टी वर्गात जास्त प्रमाणात केल्या, त्यांच्या मुलांची प्रगती अधिक होती.

आता 'न बघता लिही'कडे. 1939 मध्ये हर्बर्ट स्पिट्झर यांनी आयोवातल्या सहावीच्या 3605 मुलांना बांबू आणि भुईमूग यांवरचे धडे वाचायला दिले. काहींची त्याच दिवशी छोटी चाचणी घेतली, काहींची काही दिवसांनी, काहींची तीन आठवड्यांनी. ज्यांनी वाचल्यावर लगेच आठवून पाहिले होते, त्यांना आठवडे उलटल्यावरही स्पष्टपणे अधिक आठवत होते. एबिंगहाउसचा तो पहिल्या तासाभराचा उतार या चाचणीने अडवला होता. चाचणी म्हणजे मापाची काठीच नव्हे तर शिकण्याचे साधनही, हा निष्कर्ष बराच काळ दुर्लक्षित राहिला. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगांनंतर त्याकडे पुन्हा लक्ष गेले. गुणांची भीती नसलेली, वहीच्या मागच्या पानावर घेतलेली तीन प्रश्नांची चाचणी हे यातले सर्वांत स्वस्त औषध आहे, आणि ते सगळ्या वर्गाला एकदम देता येते.

महाराष्ट्रात 1996 पासून दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना सवलती मिळू लागल्या. पुढे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. जास्तीचा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा या सवलती पर्सीच्या मास्तरांना नक्की पटल्या असत्या. त्या परीक्षेच्या दिवशी मिळतात, आणि त्यासाठी लागणारा दाखला बरेचदा आठवी-नववीत हाती येतो. त्याआधीची सात-आठ वर्षे मूल आपल्याच वर्गात, आपल्याच सूचना ऐकत बसलेले असते.